पॅकेज बसत नाहीये

सोसायटीचा हिशेब एक्सेलमधून बाहेर काढायचा ठराव एकदा पास झाला की पुढच्या सभेत डेटाबेस कुठला यावर चर्चा होते आणि त्या दिवसापुरता पार्किंगचा विषय मागे पडतो. घोडबंदर रोडला मजल्यागणिक एक तरी जण आयटीत असतो, त्यामुळे मतांना तोटा नाही. ऐरोलीला जाणारा म्हणतो मोंगोडीबी, पवईला जाणारा म्हणतो पोस्टग्रेस, आणि बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात, "आमच्याकडे ओरॅकल होतं." पुढे काही बोलत नाहीत. डेटा मुळात आहे किती, हे कुणीच विचारत नाही.

मी विचारतो, म्हणून अप्रिय आहे. चार विंग, ११२ फ्लॅट, महिन्याला एक बिल, म्हणजे वर्षाला १,३४४ ओळी. दहा वर्षांत साडेतेरा हजारही होत नाहीत. एवढ्याला एसक्यूलाइट पुरून उरतं. २००० साली रिचर्ड हिप यांनी सुरू केलेला हा डेटाबेस एका फाइलीत मावतो. सर्व्हर नाही, पोर्ट नाही, पासवर्ड नाही. यावर सभेचा हिरमोड होतो. "म्हणजे इन्स्टॉल काहीच करायचं नाही?" सेक्रेटरी विचारतात. ज्यात काही बसवायचं नाही त्याचं कोटेशन मागवणार कसं?

एसक्यूलाइट बिघडतं ते साधेपणाला कंटाळलेल्या माणसांमुळे. फाइल सगळ्यांना दिसावी म्हणून कुणीतरी ती नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतो. तिथे फाइल-लॉकिंगचा, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याचा, भरवसा नसतो, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर फाइल खराब होऊ शकते. एका वेळी लिहिणारा एकच, हा नियम आहे. दुसऱ्याला ताबडतोब 'डेटाबेस इज लॉक्ड' मिळतं, कारण वाट बघायची मुदत डीफॉल्टने शून्य असते. ही मुदत, म्हणजे बिझी टाइमआउट, ५००० मिलीसेकंद करा, निम्म्या तक्रारी संपतात. वॉल मोड, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत, लावली असेल तर मुख्य फाइलीशेजारी '-वॉल' नावाची आणखी एक फाइल दिसते. ती कचरा समजून पुसू नये आणि नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घेऊन बॅकअप झाला असं समजू नये. शेवटच्या नोंदी त्या शेजारणीकडेच असू शकतात. '.बॅकअप' ही आज्ञा याचसाठी आहे.

मोंगोवाल्यांचं समाधान करायला फार बोलावं लागत नाही. ऑफिसात कुणीतरी दान दिलेला जुना पीसी असतोच. मोंगोडीबी ५.० पासून इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स सूचनासंच असावा लागतो. तो नसेल तर पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार गठ्ठा, निमूट बसतं, सेवा सुरू करताना 'इलीगल इन्स्ट्रक्शन' एवढंच म्हणतं आणि मरतं. लिनक्सवर 'प्रॉक' खालच्या 'सीपीयूइन्फो' फाइलीत 'एव्हीएक्स' शोधायचं. नसेल तर चर्चा संपली.

मायएसक्यूएल किंवा तिची बहीण मारियाडीबी. बहीण शब्दशः, कारण मायकेल विडेनियस यांनी दोन्हींना आपल्या मुलींची नावं दिली, थोरली माय आणि धाकटी मारिया. डेबियन या लिनक्समध्ये २०१७ च्या स्ट्रेच आवृत्तीपासून मायएसक्यूएल मागितलं की मारियाच येते. चांगली आहे. पण जुन्या टेबलांत एक सुरुंग पुरलेला असतो. त्यांच्यातला 'यूटीएफ८' हा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची रीत, अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षर बरोबर ३ बाइटांत बसतं, म्हणून 'लिफ्ट बंद आहे' ही तक्रार वर्षानुवर्षं सुखाने नोंदवली जाते. मग एखाद्या जोशीकाकू तक्रारीच्या शेवटी हात जोडलेला इमोजी टाकतात. त्याला लागतात ४ बाइट. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे डेटाबेसचा काटेकोरपणा, चालू असेल तर अख्खी तक्रार नाकारली जाते. बंद असेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो, म्हणजे काकूंनी आधी नमस्कार करून मग लिफ्टबद्दल लिहिलं असेल तर रकाना कोराच. मॅनेजिंग कमिटीला हे वर्तन चुकीचं वाटत नाही, हा भाग वेगळा.

उपाय म्हणजे 'यूटीएफ८एमबी४'. तिथे दुसरी ठेच लागते. जुन्या इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या साठवणयंत्रणेत, इंडेक्सची (शोध लवकर लागावा म्हणून केलेल्या सूचीची) किल्ली ७६७ बाइटांपुरतीच असते. २५५ अक्षरं गुणिले ४ म्हणजे १,०२०, की डेटाबेस ओरडलाच. म्हणून लोक तो रकाना १९१ करतात. १९१ चोक ७६४. कुणाच्याही कोडमध्ये १९१ दिसले तर समजावं, या माणसाने इमोजीपायी रात्र काढली आहे. आणि टेबल बदललं तरी कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही बदलावा लागतो, नाहीतर नमस्काराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं.

माझं स्वतःचं मत पोस्टग्रेसला. बसवल्यावर पहिल्या मिनिटाला ते 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणतं, आणि लोक पासवर्ड बदलत बसतात. पासवर्डचा इथे संबंधच नाही. 'पीअर' म्हणजे लिनक्सवरचं तुमचं नाव आणि डेटाबेसमधल्या रोलचं, म्हणजे खात्याचं, नाव एकच हवं. एकतर त्या नावाचा रोल बनवा किंवा '-एच लोकलहोस्ट' देऊन जा, म्हणजे पासवर्डवाली ओळ लागू होते. कुणाला कसं आत घ्यायचं ते सांगणाऱ्या 'पीजी-एचबीए' फाइलीत वरून पहिली जुळणारी ओळ चालते, खालच्या ओळी कितीही कळवळून लिहिल्या तरी. काही जण वैतागून 'ट्रस्ट' लिहितात. मग जो येईल तो आत.

खरी गंमत अपग्रेडला. डेबियनवर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसते. जुनी ५४३२ पोर्टवर, नवी ५४३३ वर, आणि नवी रिकामी. नौपाड्यातल्या रीडेव्हलपमेंटमध्ये नव्या फ्लॅटची किल्ली मिळते, पण कपाटं जुन्या बिल्डिंगमध्येच असतात, तसं. 'पीजी-एलएसक्लस्टर्स' चालवलं की दोन्ही पत्ते दिसतात. सामान हलवायला 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' आहे. त्याआधी नवा रिकामा क्लस्टर, म्हणजे त्या आवृत्तीचा डेटाबेसांचा संच, 'पीजी-ड्रॉपक्लस्टर'ने काढावा लागतो. इथे आवृत्तीचा आकडा दोनदा वाचावा. रिकामा काढायचा आहे.

डेबियन ९ वरून १० वर जागच्या जागी गेलेल्यांसाठी आणखी एक. ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत शब्दांचा वर्णक्रम बदलला, पण मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमानेच रचलेले राहिले. परिणाम असा की थकबाकीच्या यादीत एखादे सभासद दिसतात, पण नावाने शोधलं तर सापडत नाहीत. हे ज्यांच्याबाबत घडतं त्यांची तक्रार कधीच येत नाही. 'रीइंडेक्स डेटाबेस' चालवलं की सापडतात.

आता पॅकेजं. सकाळी दहाला ऑफिस उघडून मशीन चालू केलं की ॲप्ट या डेबियनच्या पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेचं 'कुड नॉट गेट लॉक' ठरलेलं. अपडेटचा टायमर पहाटे सहाच्या सुमाराचा असतो. तेव्हा मशीन बंद असलं तर ते राहिलेलं काम चालू झाल्याबरोबर उरकायला घेतं, म्हणजे नेमकं तुम्ही बसता तेव्हा. चहा घेऊन यावं. लॉकची फाइल उडवा, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पण कुलूप फाइल असण्यात नसतं, चालू प्रक्रियेने ते धरलेलं असतं. फाइल उडवली की दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजांच्या वहीत लिहू लागतात. पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने.

बाकी त्रुटींत शेवटची ओळ नेहमी सारखीच असते, काहीतरी अपयशी ठरलं. कारण वर असतं. पायथनचं पोस्टग्रेसवालं पॅकेज शंभर ओळी ओततं, त्यात कुठेतरी 'पीजी-कॉन्फिग सापडलं नाही' असतं. 'लिबपीक्यू-डेव्ह' टाकलं की काम होतं. आवृत्ती विचित्र दिसली तर 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' विचारा, पॅकेज कुठल्या भांडारातून आलं ते तीच सांगते. बहुधा कुणीतरी पूर्वी घातलेलं परकं भांडार निघतं.

ठाणे-नेरूळ लोकलमध्ये एखादा फ्रीबीएसडीवाला (लिनक्ससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारा) भेटतोच, आणि तो म्हणतो की आमच्याकडे असलं काही होत नाही. त्यांच्याकडे दुसरं होतं. तयार पॅकेजं तिमाही शाखेतून येतात आणि पोर्ट्स, म्हणजे स्वतः बांधून घ्यायची पॅकेजं, मुख्य शाखेतून घेतले की लायब्ररींच्या आवृत्त्या जुळत नाहीत. १३ वरून १४ ला गेलं की ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा क्रमांक १११ चा ३० होतो आणि जुनी पॅकेजं 'शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड' म्हणत बसतात. कधी 'पीकेजी' हे तिथलं पॅकेजं बसवणारं साधन स्वतःच उठत नाही, म्हणून 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ'. शिवाय तिथे पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या शेजारी नांदत नाहीत, तेव्हा आधी 'पीजी-डम्पऑल'ने सगळा डेटा बाहेर काढायचा.

डम्प काढला तरी अपग्रेडआधी 'ॲप्ट -एस' लावून नुसती रंगीत तालीम करावी आणि काढल्या जाणार असलेल्या पॅकेजांची यादी वाचावी. तिथे डेटाबेसचंच नाव असेल तर थांबा. ॲप्टच्या प्रश्नाला नुसतं एंटर दाबलं तरी उत्तर 'हो' धरलं जातं. जुनी ॲप्ट-गेट मशीनच्या पायालाच हात लागतोय असं दिसलं तर 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य जसंच्या तसं टाइप करून मागायची. आणि माणसं पहिल्या वेळी उद्गारचिन्ह विसरायची, म्हणून पुन्हा आज्ञा देऊन, नीट बघून, उद्गारचिन्हासकट टाइप करायची.