धरणाची वीज आणि चोवीस चौकोन

कोयनेची पातळी खाली गेली की आपल्याकडे एक वाद हमखास पेटतो. पाणी पूर्वेला सिंचनाला सोडायचं की पश्चिमेला पोफळीकडे वळवून वीज करायची, इथून सुरुवात होते आणि गाडी येऊन थांबते ती ‘ही स्वस्त वीज नेमकी कुणाची?’ या प्रश्नावर. मग एखादा शिकलासवरलेला माणूस ठणकावून सांगतो, ‘‘अमेरिकेत असली भानगडच नाही. धरणाची वीज बाजारात जाते, पैसे मोजेल तो घेतो. अर्ज, याद्या, प्राधान्यक्रम हे आपले सरकारी चाळे.’’ हे इतक्या आत्मविश्वासाने म्हटलं जातं की ऐकणारा गप्पच बसतो. फिनिक्समध्ये राहून आणि पोटापाण्यासाठी याच आकड्यांत वावरून मला गप्प बसणं जमत नाही.

कारण अमेरिकेतल्या संघराज्य सरकारच्या धरणांची वीज अशी विकलीच जात नाही. ती वाटली जाते. रीतसर अर्ज मागवून, प्राधान्यक्रम लावून आणि उत्पादनखर्चाच्या भावाने. त्यासाठी चार सरकारी संस्था आहेत. सगळ्यात जुनी बॉनव्हिल, १९३७ची. आमच्या भागातली वेस्टर्न एरिया पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन १९७७ची, म्हणजे चौघींत धाकटी. तिचा कारभार पंधरा राज्यांत आहे. प्राधान्य कुणाला हे १९३९च्या रेक्लमेशन कायद्यात लिहून ठेवलंय: नगरपालिका, सार्वजनिक संस्था, ग्रामीण वीज सहकारी संस्था. आदिवासी राष्ट्रं, म्हणजे मूळ रहिवाशांची स्वशासित राज्यंही आज या रांगेत आहेत. कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका खासगी कंपनीचा जुन्या करारापासून चालत आलेला वाटा आहे, पण तो अपवाद. आपल्याकडे ज्याला ‘समाजवादी खूळ’ म्हणून हिणवतात, ते भांडवलशाहीच्या माहेरघरी नव्वद वर्षं सुखाने नांदतंय.

वाटप कसं होतं, ते हूवरवरूनच सांगतो. तिथले पहिले करार पन्नास वर्षांचे होते, पुढचे तीस वर्षांचे. ते ३० सप्टेंबर २०१७ला संपले. त्याआधी, २०११मध्ये, संसदेने नवा कायदा केला आणि पुढच्या पन्नास वर्षांची, म्हणजे २०६७पर्यंतची सोय लावली. जुन्या धारकांचा हिस्सा थोडा कापून पाच टक्क्यांचा नवा कोटा काढला, आजवर ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी. त्यातला दोन-तृतीयांश वेस्टर्नने वाटायचा, उरलेला अ‍ॅरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्निया यांच्या नावाने. या पाच टक्क्यांसाठी अर्ज मागवले गेले, आणि तिथेच तो कागद येतो ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

त्याचं नाव ‘अ‍ॅप्लिकंट प्रोफाइल डेटा’, बोलताना एपीडी. त्यावर व्यवस्थापन आणि अंदाजपत्रक कार्यालयाचा मंजुरी क्रमांक असतो. तो शोभेचा नाही. इथल्या कागदपत्रं-कपात कायद्यानुसार दहा किंवा जास्त जणांकडून ठरावीक माहिती मागवायची असेल, तर खात्याला आधी त्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते. काय विचारणार, कशासाठी, भरायला अर्जदाराचे किती तास जाणार, हे राजपत्रात छापून साठ दिवस हरकती घ्यायच्या, मग आणखी तीस दिवस. मंजुरी फार तर तीन वर्षांची. पुढे पुन्हा तेच. क्रमांक नसेल तर तो कागद भरला नाही म्हणून कुणाला दंड करता येत नाही. आपल्याकडे टेबलामागचा कारकून ऐनवेळी ‘आणखी एक सत्यप्रत जोडा’ म्हणतो तेव्हा त्याला कुठला क्रमांक विचारायचा?

आता आतल्या गोष्टी. सुरुवात सोपी दिसते: संस्थेचं नाव, प्रकार, कोणत्या कायद्याखाली स्थापन झाली, वरची पालक संस्था कोणती, सभासद कोण. गोंधळ इथूनच सुरू होतो. चार गावांनी मिळून एक संयुक्त वीजसंस्था केलेली असते. संस्था चौघांचा भार धरून अर्ज करते आणि त्यातलं एक गाव स्वतःचाही वेगळा अर्ज टाकतं. एकच भार दोनदा मोजला जातो. पालक आणि सभासद हे दोन रकाने त्यासाठीच आहेत. पुढे सेवाक्षेत्राचा नकाशा. प्रत्येक धरणाच्या विजेचं विक्रीक्षेत्र आखलेलं असतं. सीमेबाहेर असाल तर बाकीचं कुणी वाचायच्या भानगडीत पडत नाही. मग युटिलिटीचा, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेचा दर्जा: भारवाढीची जबाबदारी तुमची आहे का, वितरणाच्या तारा तुमच्या आहेत का, घाऊक वीज विकत घेऊन किरकोळीने विकायला तयार आहात का, आणि हा दर्जा कोणत्या तारखेला मिळाला. आदिवासी राष्ट्रांना ही अट माफ असते.

खरा जीव मात्र भाराच्या तक्त्यात. मागच्या कॅलेंडर वर्षाचे बारा महिने, प्रत्येकापुढे दोन आकडे: महिन्यातली कमाल मागणी किलोवॅटमध्ये आणि महिन्याचा वापर किलोवॅट-तासांत. एकूण चोवीस चौकोन. शाळकरी पोरालाही भरता येतील असं वाटतं आणि निम्मी भानगड याच चौकोनांत होते. कुणी किलोवॅटच्या जागी मेगावॅट लिहितं. कुणी बिलावरचा ‘बिलिंग डिमांड’, म्हणजे आकारणीसाठी धरलेला आकडा उतरवतं. पण कित्येक दरपत्रकांत तो आकडा मागच्या अकरा महिन्यांतल्या उच्चांकाच्या ठरावीक टक्क्यांखाली जातच नाही, त्यामुळे जानेवारीतही जुलैची सावली राहते. कुणी कमाल मागणी केव्हीए या दुसऱ्या मापात देतं आणि त्याचे किलोवॅट करायला लागणारा गुणक, म्हणजे पॉवर फॅक्टर, विसरतं. मीटरवाचन १७ तारखेला होत असेल तर ‘मार्च’ म्हणजे अर्धा फेब्रुवारी. आणि सगळ्यात महागात पडणारी गफलत: शाळा, पंपघर, दवाखाना, कॅसिनो अशा वीस मीटरांचे वीस उच्चांक थेट बेरजेला घेणं. ते वीसही मीटर एकाच तासाला शिखरावर नसतात. सगळ्यांचा मिळून एकाच वेळचा उच्चांक हा बेरजेपेक्षा कमीच भरतो. किती कमी, ते पंधरा मिनिटांची किंवा तासाची नोंद असल्याशिवाय कळत नाही. अलीकडे छपरावरच्या सोलरने आणखी पंचाईत केली आहे. मीटरवर दिसतो तो निव्वळ वापर, त्यामुळे दुपारचा भार गायब आणि उच्चांक संध्याकाळी सातवर सरकलेला.

अशा तक्त्याची पहिली तपासणी एका गुणाकाराची असते. जुलैचे तास ७४४. कमाल मागणी ४,२०० किलोवॅट लिहिली असेल, तर अख्खा महिना एक क्षणही न थांबता तेवढी वीज ओढली तरी ३१,२४,८०० युनिटच्या (म्हणजे किलोवॅट-तासांच्या) वर जाता येत नाही. तक्त्यात ३५ लाख युनिट असतील तर दोहोंपैकी एक आकडा खोटा. खोटा म्हणजे बहुतेक वेळा चुकीचाच, पण सही करणाऱ्याने लक्षात ठेवावं की संघराज्य सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे.

त्यानंतर सध्याची वीज कुठून येते: स्वतःची निर्मिती किती, करार कुणाशी, संपतो कधी. या रकान्यात भलेभले अडकतात. सध्याच्या पुरवठादाराशी ‘सगळी गरज तुमच्याकडूनच भागवू’ असा करार असेल, तर धरणाची वीज मंजूर होऊनही दारात घेता येत नाही, त्या पुरवठादाराची लेखी संमती लागते. शेवटी पारेषण: वीज कोणत्या उपकेंद्रावर, किती व्होल्टेजला घेणार, तिथून पुढे कुणाच्या तारांवरून नेणार. वेस्टर्न वीज आपल्या जाळ्यावरच्या बिंदूपर्यंत देते. पुढची वाहतूक तुमची, खर्चही तुमचा. अनेक योजनांत किमान वाटप १०० किलोवॅटचं असतं. त्याच्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं वहनशुल्क भरावं लागलं तर स्वस्त विजेतला स्वस्तपणा वाटेतच झिरपतो. ज्या आदिवासी राष्ट्रांकडे स्वतःच्या तारा नाहीत त्यांच्यासाठी वेगळी तोड काढली आहे: वीज तिथली वीजकंपनीच घेते आणि बाजारभाव व धरणाचा भाव यांतला फरक त्यांच्या खाती जमा करते.

अर्ज आले की प्रस्तावित वाटप राजपत्रात छापतात, जाहीर सभा होते, लेखी हरकती येतात, मग अंतिम यादी. कुणाला किती किलोवॅट, नावानिशी, जगाला वाचायला खुली. ठरल्या मुदतीत करारावर सही केली नाही तर वाटा परत जातो. सही केल्यावरही सुटका नाही. दर पाच वर्षांनी पुढच्या गरजेचं नियोजन लिहून द्यावं लागतं. शिवाय हूवरचा वाटा म्हणजे फुकटची वीज नव्हे. वर्षाचा खर्च वाट्याप्रमाणे भरायचा, तलावात पाणी असो वा नसो. २०२२च्या उन्हाळ्यात हूवरमागच्या लेक मीड तलावाची पातळी १,०४० फुटांच्या आसपास उतरली, तेव्हा वीज आटली, खर्चाचा वाटा काही आटला नाही.

‘तिकडे अर्ज-बिर्ज नसतात’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं आणि मग बोलावं.

आपल्याकडे काय होतं? केंद्राच्या जलविद्युत प्रकल्पांतून यजमान राज्याला १२ टक्के वीज मोफत, १५ टक्के केंद्राच्या मर्जीवर राखीव, बाकीची राज्याराज्यांत सूत्राने. त्या सूत्रात राज्याचा मागच्या पाच वर्षांचा वापर धरलेला आहे, म्हणजे निदान काहीतरी मोजलं जातं. कोयना राज्याचीच. धरण आणि केंद्रं जलसंपदा विभागाची, चालवते महानिर्मिती, १,९६० मेगावॅटची ती वीज महावितरणच्या एकत्रित खरेदीत मिसळते आणि सरासरी दरात विरघळते. पाटणच्या दुकानदाराला आणि पुण्याच्या गृहसंकुलाला तिचा सारखाच लाभ. हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती ‘सांगलीला इतकी, कोकणाला तितकी, शेतीला अमुक’ अशी मापं भर चौकात फेकण्याला, कारण त्यामागे चोवीस चौकोन नाहीत. शेतीपंपांचा मोठा भाग वर्षानुवर्षं हॉर्सपॉवरवर आकारला गेला. पाटीवर पाच हॉर्सपॉवर असलेली मोटर तीनदा रिवाइंडिंग होऊन साडेसातची वीज ओढते, हे गावातल्या प्रत्येक वायरमनला ठाऊक आहे. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत मोफत वीज देणारी योजना २०२४मध्ये आली, म्हणजे लाभाची रेघ नेमकी त्या पाटीवरच ओढली गेली. शेती नेमकी किती वीज खाते हे ठरवायला वीज नियामक आयोगाला अभ्यासगट बसवावा लागला. आणि मीटर लावायचं म्हटलं की मोर्चा.

हे लिहिताना सूर जरा वरचा लागतोय, ते कळतंय. इथल्या पद्धतीला माझा एवढा पुळका का, हेही तपासून पाहायला हवं. पाच टक्के नव्यांना म्हणजे पंच्याण्णव टक्के जुन्यांकडेच. मध्य कॅलिफोर्नियातल्या धरणांच्या २०२५पासूनच्या करारांत नव्यांसाठी काढलेला कोटा तर दोनच टक्क्यांचा. चोवीस चौकोन नीट भरतो तो, ज्याच्याकडे आधीच मीटर, अभियंता आणि वकील आहे. कोलोरॅडोवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाची क्षमता १,३२० मेगावॅट. त्याला लागून असलेल्या नवाहो भूमीत आजही हजारो घरांत वीज नाही. ज्या घरात तारच पोचली नाही त्याची जुलैतली कमाल मागणी शून्य. अंदाज चालतो, पद्धत लिहून द्या, अशी सवलत आदिवासी अर्जदारांना मिळत आली आहे, पण अंदाज आणि मोजमाप शेजारी ठेवले की कुणाचं पारडं जड, हे सांगायला नको. मागचा वापर हाच हक्काचा पुरावा धरला की ज्याला कधी मिळालंच नाही तो आपोआप मागे पडतो. आकड्यांवर माझी श्रद्धा आहे. ती अर्ध्यावर अडते ती इथे.

आणि इथेच कोयना पुन्हा समोर येते. त्या धरणाखाली ज्यांची गावं गेली, त्यांची मागणी काय होती? आंदोलनामागून आंदोलनं झाली ती ‘संकलन पूर्ण करा’ म्हणून. कुणाची किती जमीन गेली, खातेदार कोण, वारस कोण, पर्यायी जमीन कुणाला मिळाली नि कुणाला नाही, याचं रजिस्टर. पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. नातवंडं कामाला लागली तरी यादीचं काम रखडलेलंच. अर्ज मागवणारं खातं नव्हतं, भरायला कागद नव्हता, क्रमांक तर लांबच. बाजारवाल्यांना याद्या नकोत कारण त्यांना त्या अडवणूक वाटतात. त्या डोंगरातल्या माणसाने मात्र यादीत नाव यावं म्हणून धरणं धरलं. आम्ही परदेशात बसलेले लोक तर कुठल्याच यादीत बसत नाही. तिकडच्या सेवाक्षेत्राबाहेर, आणि इथल्या वाटपाच्या इतिहासात उशिरा आलेले ग्राहक, ज्यांच्या एसीची वीज कुणाच्या नदीतून येते हे विचारायची आम्हाला सवय नाही. तरी मत द्यायला पहिले.

तेव्हा वाद घालायचाच असेल तर निदान तो मोजता येईल असा घालू या. केंद्राच्या २००८च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट वीज देण्याची तरतूद आहे. नव्या प्रकल्पांसाठीची ती, कोयनेला लागू नाही. पण तेच माप म्हणून घ्या आणि कोयनेच्या कुटुंबांना लावून बघा: दर हजार कुटुंबांमागे वर्षाला १२ लाख युनिट. संकलनाचं रजिस्टर पुरं झालं की कुटुंबांचा आकडा मिळेल. पाटण आणि जावळीतल्या फीडरांवर मीटर आहेत, त्यांची बारा महिन्यांची कमाल मागणी आणि युनिट महावितरणकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्जाची फी दहा रुपये. मागताना कॅलेंडर वर्ष लिहा, आर्थिक वर्ष नको, आणि कमाल मागणी केव्हीएमध्ये दिली असेल तर पॉवर फॅक्टरही मागून घ्या.