"हात लावू नका" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"कुणी कोसळलं तर हात लावू नका. डॉक्टर नसताना छाती दाबली तर फासळ्या मोडून माणूस मरतो, आणि केस तुमच्यावर होते." ऐन लग्नसराईत हा मेसेज आमच्या जळगाव-धुळ्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय.

फासळ्या मोडू शकतात, हे खरं, म्हाताऱ्या माणसाच्या तर जास्तच. पण मोडलेली फासळी काही आठवड्यांत जुळते. हृदय बंद पडलं की छाती दाबूनच मेंदूकडे रक्त ढकलता येतं, आणि रक्त न मिळालेला मेंदू चार-पाच मिनिटांत बिघडू लागतो, तो पुन्हा जुळत नाही.

मेसेजखाली एकाने लिहिलंय, "श्वास चालू असेल तर कशाला दाबायचं?" मीही असंच समजत होतो. मागच्या मे महिन्यात पारोळ्याकडच्या एका लग्नात पंगतीतच एक काका कोसळले. "काय व्हयनं, काय व्हयनं" करत गर्दी जमली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तांब्या तोंडाला लावला. काकांचा जबडा उघडमीट होत होता, मधूनच घरघर यायची. श्वास चालू आहे म्हणून आम्ही थांबलो. ते आचके होते. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं ते येतात. दाबलं असतं तर काका वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण नुसत्या उभं राहण्याने दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, आणि आम्ही कांदा धरून बसलो होतो.

केसचं म्हणाल तर रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये संरक्षण दिलं, मग 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. मंडपात, बाजारात? बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम 30 आहेच.

"परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा?" हा प्रश्न कुणी लिहीत नाही, पण मनात असतो. तळहात दोन्ही स्तनांच्या मधल्या हाडावर ठेवायचा असतो. लाज वाटत असेल तर बायकांनी भोवती साडीचा आडोसा धरावा, पण दाबणं थांबवू नये.

हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही? एकाने 108 लावावा, दुसऱ्याने दाबायला लागावं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत हात भरून येतात, मग दुसऱ्याने बसावं. लग्नात माणसं कमी नसतात.