दिवा मागं, मालक पुढं

तुमच्या पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचा ब्रेक लाइट लागत नाही असं कुणी सांगितलं, तर आधी त्या माणसाशी बोलणं कमी करा. असल्या माणसांची नजर चांगली नसते. आज ब्रेक लाइट बघितला, उद्या पीयूसीची तारीख बघेल.

आणि मुळात तुम्हाला कळायचं कारणच काय? तुम्ही पुढं बसता, दिवा मागं असतो. हॉर्न बिघडला की लगेच कळतं, कारण आमच्या सोलापुरात नवी पेठेतनं हॉर्नशिवाय गाडी इंचभर सरकत नाही. एसी बिघडला तर एप्रिलात जीव जातो. ब्रेक लाइट बिघडला तर तुम्हाला काहीच होत नाही. होतं ते मागच्याला. मग खर्च तुम्ही का करायचा? ज्याला बघायचाय त्यानं बल्ब आणावा.

तरीही घरचे मागं लागलेच, तर रात्री गाडीचे दिवे लावून एकदा मागं जाऊन बघा. दोन्हीकडं लाल उजेड दिसला? झालं तर मग. तो नुसता टेल लाइट आहे, ५ वॅटचा, आणि ब्रेक दाबल्यावर त्याच बल्बातली दुसरी, २१ वॅटची तार पेटायला हवी, असलं काही ऐकून घेऊ नका. एका बल्बात दोन तारा कशाला असतील? एक जादा दिली असणार, स्टेपनीसारखी.

बल्ब बदलायचाच झाला तर जुना सोबत नेऊ नका. दुकानात जाऊन ‘मागचा बल्ब द्या’ एवढंच म्हणा. सिंगल मिळेल नाहीतर डबल, नशिबाचा भाग आहे. डबलच्या बुडाशी दोन बाजूंना दोन बारके टोचे असतात, ते एका उंचीवर नसतात, त्यामुळं तो होल्डरमध्ये एकाच बाजूनं बसतो. नाही बसला तर जोर लावा. उलटा बसला की ब्रेक दाबल्यावर ५ वॅट मिणमिणतं आणि नुसत्या टेल लाइटला २१ वॅट झगमगतं. मागचा बिचारा टेंभुर्णीपर्यंत समजतो की पुढच्यानं ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवलीय. सिंगल बल्ब डबलच्या होल्डरात ठोकून बसवला तर कधीकधी आणखी गंमत होते. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे पेटतात. निदान तुम्हाला तरी कळतं, ब्रेक दाबला म्हणून.

दोन्हीकडचे दिवे एकदम गेले असतील तर दोन्ही बल्ब बदला. फ्यूज बघू नका.

ब्रेकच्या पेडलच्या वर बोटाएवढा एक स्विच असतो. पाय काढलेला असताना पेडल त्याची दांडी दाबून धरतं. पाय दिला की दांडी सुटते आणि दिवा लागतो. एवढीच त्याची करामत. जुन्या गाडीत दांडी जिथं टेकते तिथला रबराचा नाहीतर प्लास्टिकचा तुकडा झिजून गळून पडतो. मग दांडी कायमची मोकळी आणि दिवा कायमचा चालू, रात्रभर, बंद गाडीत. सकाळी बॅटरी उतरलेली. अशा वेळी सरळ नवी बॅटरी घ्या. चार दिवसांनी तीही उतरेल, तेव्हा दुकानदाराशी वॉरंटीवरनं भांडा. आणि पायाखालच्या मॅटवर पडलेला तो तुकडा खडा समजून झटकून टाका. (हे मला इतकं बारकाईनं कसं माहीत, असं विचारू नका. बॅटरीचे पैसे मी मोजलेत.)

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरसुद्धा मंद मंद पेटत असेल, तर मागचं सगळं वायरिंग नवीन करून घ्या. अर्थिंगची काळी वायर बॉडीला जिथं स्क्रूनं कसलेली असते, तिथला गंज पॉलिश पेपरनं घासला की बऱ्याचदा काम होतं. पण ते दहा मिनिटांचं काम, त्यात कुणाला काय मिळणार?

इलेक्ट्रिशियनकडं गेलात तर तो ‘उद्या या’ म्हणेल. उद्या जा.

दिव्याच्या काचेवर काळी फिल्म चिकटवा. लाल रंग जुन्या गाडीला शोभत नाही.

पोलिसांनी अडवलंच तर उसाच्या ट्रॉलीकडं बोट दाखवा. कारखाने चालू झाले की मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर अंधारात अख्खा ऊस तुमच्यापुढं चालत असतो आणि त्याला मागं दिवा म्हणून फार तर एक फाटकं पोतं लटकलेलं असतं. त्यांना कुणी काही म्हणत नाही, मग तुम्हालाच का?

आता ब्रेक मारायचा कुठं, तेही शिकून घ्या. परवा मंगळवारी संध्याकाळी होटगी रोडला, आसरा चौकाच्या थोडं अलीकडं, माझ्यापुढं एक पांढरी गाडी होती. दोघांचाही वेग चाळीसच्या आसपास. भज्याच्या गाड्यावर मालकांना कुणी ओळखीचा दिसला असावा. दिसला म्हणून थांबले. रस्त्याच्या मधोमध. मागं एकही दिवा लागला नाही. डावा नाही, उजवा नाही, वरच्या काचेतला बारका तिसरासुद्धा नाही. गाडी मोठी मोठी होत आली तेव्हा मला कळलं की ती थांबलीय. मी उभाच राहिलो ब्रेकवर, तरी बसायची ती बसलीच.

मालक उतरले. ‘कुठं बघून चालवलालाव ओ?’ मी म्हटलं, ‘तुमच्याकडंच. तुमचा ब्रेक लाइट लागत नाही.’ त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, ‘गाडी थांबली का न्हाई? मग ब्रेक चालू हाय.’

तोवर पाच-सहा पंच जमले. भज्याच्या गाड्यावर एवढे कायदेपंडित कुठनं येतात देव जाणे. एकानं निकाल दिला, ‘मागच्याचीच चूक असती.’ दुसऱ्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि ‘काही झालं नाही, जाऊ द्या काका’ म्हणाला, हातात माझ्याच बंपरचा तुकडा घेऊन. मी मालकांना म्हटलं, आत बसून ब्रेक दाबा, इथं सगळ्यांना दिसू दे. तर म्हणे, ‘रात्रीला लागतोय की लाइट. दिवसा कशाला पायजे?’ म्हणजे टेल लाइट. म्हणजे तीच स्टेपनीची गोष्ट. मला साडेचार हजारांचा फटका बसला. त्यांच्या गाडीला नखाएवढा ओरखडा, तोही जुना असावा. आणि वर जाताना मलाच सांगून गेले, अंतर ठेवून चालवत जावा.

अंतर ठेवायला हवं होतं, कबूल. माझी तेवढी चूक मी पदरात घेतली. पण चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते हो. पुढचा थांबतोय हे डोळ्यांनी अंदाज बांधून कळायला जो एक सेकंद जातो, तो तुमचा दिवा वाचवतो. तेवढ्याचसाठी तो तिथं आहे, शोभेला नाही. आणि माझ्याजागी दोन पोरांना पुढंमागं बसवून निघालेला स्कूटरवाला असता तर? त्यालाही ‘अंतर ठेवा’ म्हणाला असता? त्याला तर बंपरही नसतो.

जुनी गाडी, पार्ट मिळत नाहीत, हे रडगाणंही बंद करा. मारुती ८०० तयार व्हायची २०१४ ला बंद झाली, तिच्या मागच्या दिव्याचा २१/५ वॅटचा बल्ब आजही कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो. तीन-चार चहाचे पैसे पडतात. तपासायला दुसरा माणूससुद्धा लागत नाही. रात्री गाडी मागं घेत भिंतीजवळ लावा, ब्रेक दाबा, आरशात बघा. भिंत दोन्हीकडं सारखी लाल झाली पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्यासाठी चावीसुद्धा फिरवावी लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर तीन तास फिरता येतं, गाडीला दर रविवारी शाम्पू लावता येतो, आरशाला लिंबू-मिरची न चुकता बदलता येते आणि महिन्यातनं एकदा भिंतीकडं पाठ करून ब्रेक दाबता येत नाही? लोकांनी तुमच्या मागनं जीव मुठीत धरून चालायचं, तुम्हाला भजी दिसली म्हणून?

काल सात रस्त्याला सिग्नलला तीच पांढरी गाडी पुढं आली. थांबली. मागं अंधार. मी परवाच दोन डबल बल्ब आणलेत, एक जास्तीचा. तो घेऊन उतरलो, काच वाजवली. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि काच खाली केली नाही. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न मारायला सुरुवात केली. बल्ब अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.