तुमच्या एक स्टारला उत्तर: आईंचा बीपी 128 की 150?

ताई नमस्कार, मशीन आमचंच आहे आणि रिव्ह्यू मी तीनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की घरी मशीन 128 दाखवत होतं म्हणून आईंनी चार दिवस गोळी घेतली नाही आणि पाचव्या दिवशी आरोग्य केंद्रात मोजलं तर 150 निघाला. ते वाचून खरंच पोटात गोळा आला. बाकी तक्रारींवर नंतर येतो, आधी हे. गोळी आजपासून परत सुरू करायची की कशी ते केंद्रातल्या डॉक्टरांनाच विचारा, आमच्या मशीनच्या आकड्यावर गोळी बंद किंवा कमी अजिबात करू नका.

आता रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दल. आई जमिनीवर बसल्यात आणि हात खाटेच्या कडेवर आहे, म्हणजे जवळजवळ खांद्याच्या उंचीला. पट्टा छातीच्या, म्हणजे हृदयाच्या लेव्हलला पाहिजे, तो जितका वर जाईल तितका आकडा खाली येतो, साधारण एका इंचाला दोन पॉइंट. चार इंच वर असेल तर आठ पॉइंट तिथेच गेले. यात आईंची चूक काहीच नाही, आमच्या पुस्तिकेत चित्र आहे सोफा आणि डायनिंग टेबलचं! माझ्या स्वतःच्या आईने ते बघून विचारलं होतं, हे कुणाचं घर रे. तरी आम्ही छापलं. आता भिंतीला टेकून बसायचं आणि हाताखाली गोधडीची घडी घ्यायची असं चित्र काढून घेतोय.

दुसरं म्हणजे पट्टा, आणि इथे मात्र चूक सरळसरळ आमची. बॉक्समध्ये एकच पट्टा येतो, 22 ते 32 सेंमी दंडासाठी. तुम्ही लिहिलंय पट्टा सैल बसतो, दोनदा गुंडाळला तरी. आईंचा दंड एकदा शिलाईच्या टेपने मोजा, मला वाटतं 20 च्या आसपास निघेल. हे मशीन स्टेथोस्कोपसारखं आवाज ऐकत नाही, पट्ट्यातली हवा सुटताना नाडीचे जे धक्के बसतात त्यावरून हिशोब करतं, त्यामुळे पट्टाच मापाचा नसेल तर हिशोब चुकणारच. लहान पट्टा जाड दंडावर लावला तर बीपी उगाच जास्त दिसतो, कधीकधी पंधरा-वीस पॉइंटसुद्धा, आणि मोठा पट्टा बारीक दंडावर लावला तर तीन-चार पॉइंट कमी. ऐकायला थोडे वाटतात पण कमी दिसणं जास्त वाईट, कारण माणूस निर्धास्त होतो.

छोटा पट्टा वेगळा विकायचा हे मीच ठरवलं होतं, किंमत 1,400 च्या आत ठेवायची म्हणून. शेतात राबणाऱ्या बायकांचे दंड कसे असतात हे मला सांगलीत राहून माहीत नव्हतं असं नाही, तेव्हा फक्त किंमत बघितली. गंमत म्हणजे टेस्टिंगमध्येही हे सापडत नाही. नियमाप्रमाणे कमीत कमी 85 माणसांवर मशीन तपासतात, सरासरी फरक 5 पॉइंटच्या आत पाहिजे, आम्ही पास झालो. पण ती माणसं निवडतात पट्ट्याच्या मापातली, मग 20 सेंमीवाल्या बाईला त्यात जागाच नाही.

तरी हे सगळं धरून 22 पॉइंटचा हिशोब पूर्ण लागत नाही. चार दिवस गोळी नव्हती, उन्हातून चालत गेल्या असतील, तिथली गर्दी, डॉक्टर समोर आले की बऱ्याच जणांचा वाढतोच. म्हणून घरी 135/85 च्या वर आणि दवाखान्यात 140/90 च्या वर गेला की जास्त धरतात, दोन्हीकडची रेघ वेगळी. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, लघवीला जाऊन यायचं, आणि मिश्री लावत असतील तर अर्धा तास आधी नको.

'गरिबांच्या नावाखाली धंदा' म्हणालात. धंदा आहेच ताई, दहा जणांचे पगार निघतात यावर. 1 जानेवारी 2021 पासून बीपी मशीन कायद्याने औषधात धरलं जातं, लायसन्स लागतं, त्याचा खर्च किमतीत येतो. अडॅप्टर दिला नाही कारण चार सेलवर चालतं आणि सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतात, याबद्दल मात्र माफी वगैरे मागणार नाही.

आणि हो, 'बीपी मशीन बोलतं आणि सगळ्या गल्लीला कळतं' हे वाचून हसू आलं, माफ करा. आवाज ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी आहे. मागे सेलच्या झाकणाशेजारी छोटं बटण आहे, तीनदा दाबलं की बंद.

बॉक्सवरच्या नंबरला दंडाचं माप आणि पत्ता पाठवा, छोटा पट्टा फुकट येईल, कुरिअरचे पैसेही नाहीत. तो आला की मशीन घेऊन केंद्रात जा आणि तिथल्या सिस्टरांना त्याच हातावर, मध्ये एक-दोन मिनिटं थांबून, दोन्ही मशीनने दोन-तीनदा मोजायला सांगा. तरीही दहाच्या वर फरक येत असेल तर मशीन परत पाठवा, पूर्ण पैसे देतो. रिव्ह्यू काढू नका, राहू दे. नवीन बॉक्समध्ये कागदी टेप टाकायला कालपासून सुरुवात केलीये आणि ऑर्डर घेतानाच दंडाचं माप विचारतोय.