लसणाचं तेल फोडणीत घाला, कानात नको

'पोहायला जाणाऱ्यांनी जरूर वाचा' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होते. पण परवा आई पळीत खोबरेल तापवताना दिसली, त्यात लसणाची पाकळी तडतडत होती. आई गुडघ्यांसाठी तलावाच्या उथळ भागात चालायला जाते. तेल कशाला? तर 'पाण्यात उतरण्याआधी आणि नंतर कानात घालायचं, मग बडने कान साफ करायचा, इन्फेक्शन होत नाही.' मेसेजखाली 'एक प्रसिद्ध डॉक्टर' अशी सही. नाव मात्र नाही!

आधी या तेलाचंच बघू. पाणी कानाच्या नळीत साचून राहिलं की आतली कातडी भिजून हुळहुळी होते आणि स्यूडोमोनाससारखे जंतू तिथे बस्तान बसवतात. ज्याला आपण मळ म्हणून कोरून काढतो तो पाणी अडवतो, जंतूंनाही रोखतो. म्हणजे बड घालून आपण राखणदारालाच हाकलतो, वर ओरखडे काढतो. लसूण नाजूक कातडीला चक्क भाजतो. पडद्याला भोक असेल, जे अनेकांना ठाऊकही नसतं, तर तेल थेट मधल्या कानात. आणि आईला मधुमेह आहे. वयस्कर मधुमेही माणसाच्या कानातला हाच संसर्ग कधी कधी कवटीच्या हाडापर्यंत पोचतो. तिथे घरगुती उपायांत आठवडा घालवणं जिवावर बेतू शकतं. कानाची पाळी ओढल्यावर कळ आली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.

कान कोरडा ठेवा, एवढं मेसेजमधलं बरोबर आहे. मान्य. पण त्यासाठी डोकं एकेका बाजूला कलतं करून पाळी हलकेच ओढायची आणि टॉवेलने टिपायचं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्थाही हेच सांगते, आणि कानात काही खुपसू नका हेसुद्धा.

दुसरा दावा: 'जकूझीचं पाणी गरम असतं, त्यात जंतू मरतात.' मुळशी-लोणावळ्याकडच्या रिसॉर्टला निघालेल्या मंडळींना हा फारच आवडलाय. अहो, जकूझीचं, म्हणजे बुडबुड्यांच्या त्या गरम टबाचं, पाणी जास्तीत जास्त 40 अंश सेल्सिअस ठेवतात. स्यूडोमोनास 42 अंशांवरही मजेत वाढतो. गरम पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन मात्र लवकर उडून जातं. म्हणून तर सीडीसी तलावात किमान 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि जकूझीत किमान 3 पीपीएम क्लोरीन ठेवायला सांगते. नाही ठेवलं तर काही दिवसांत केसांच्या मुळांशी लाल, खाजरे, पू भरलेले फोड उठू शकतात, ओला कॉश्चूम अंगाला चिकटून असतो तिथे जास्तच. मेसेज त्याला 'क्लोरीनची अ‍ॅलर्जी' म्हणतो. क्लोरीनने कातडी कोरडी पडते, खाजते, हे खरं. पण एकाच टबात बसून आलेल्या चौघांच्या अंगावर असे फोड उठले, तर संशय पाण्यावर घ्यायचा. पुरळ बहुतेकदा आपोआप जातं. ताप आला किंवा पसरलं तर डॉक्टर.

'क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ' हेही उलटंच. तो वास क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी गाठ पडून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा. तलावात उतरण्याआधी शॉवर घ्या अशी पाटी उगाच नसते, पण पाट्या पुण्यात लावायच्या असतात, वाचायच्या नसतात.

'खारट पाण्याच्या तलावात क्लोरीन नसतं.' असतं. यंत्र त्या मिठापासूनच ते तयार करतं. पुढे.

खात्रीच करायची असेल तर पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्या मिळतात. क्लोरीनबरोबर पीएचही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे तेही, कळतो, तो 7 ते 7.8 हवा. नाहीतर तलावावरच्या माणसाकडे आजच्या तपासणीची नोंद मागा. ती दाखवायला टाळाटाळ झाली, तर त्या दिवसाची फी गेली समजा आणि कोरड्या अंगाने घरी या.