स्टेनलेस स्टीलवर कोणताही तारेचा ब्रश चालतो, या समजाबाबत खुलासा

‘स्टेनलेस स्टील गंजतच नाही, त्यामुळे त्याचा वेल्डिंगचा जोड साफ करायला कोणताही तारेचा ब्रश चालतो,’ असा सल्ला फॅब्रिकेशनच्या, म्हणजे धातू कापून-जोडून वस्तू बनवण्याच्या, कामात सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते, ३०४ या प्रचलित ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के. या क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर जो अतिशय पातळ थर तयार होतो, तोच गंज रोखून धरतो. साध्या पोलादी तारांचा ब्रश फिरवला की लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात, ओलाव्याने गंजतात आणि कालांतराने तांबूस डाग उमटतात. मग माल खोटा होता म्हणून दोष मात्र बिचाऱ्या पुरवठादाराला!

स्टेनलेस तारांचा ब्रश विकत घेतला म्हणजे भागले, हेही अर्धसत्यच. तोच ब्रश सकाळी साध्या लोखंडी अँगलवर चालवला असेल, तर तारांना चिकटलेले लोखंड दुपारी स्टेनलेसच्या जोडावर जाणारच. म्हणून स्टेनलेससाठी ब्रश वेगळा राखावा, मुठीवर रंगाची खूण करावी आणि तो तेलकट हातांपासून दूर, कोरड्या जागी टांगावा.

ग्राइंडरवरचा ब्रश दाबून चालवण्यातही फायदा नाही, कारण सफाई तारांची टोके करतात. दाबामुळे तारा आडव्या पडतात व तुटून उडतात, त्यामुळे गॉगल अनिवार्य आहे. ब्रशवर छापलेली कमाल आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असल्यास तो ब्रश लावूच नये.