‘लक्ष दिलं नाही की मेंदू बघतच नाही’ हे कितपत खरं?

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय. त्याचा आशय असा: डोळा म्हणजे कॅमेरा. जिथे नजर, तिथे लक्ष. लक्ष दिलं की त्या वस्तूचे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, ‘ऑन’ होतात, बाकीचे ‘ऑफ’. जितकं लक्ष जास्त, तितके न्यूरॉन जोरात आणि तितकं स्पष्ट दिसतं. पुरावा म्हणून गोरिलाचा तो प्रसिद्ध व्हिडिओ: पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतले दोन संघ चेंडू पास करतात, एका संघाचे पास मोजण्यात गुंतलेल्या अनेकांना मधून चालत जाणारा गोरिलाच्या वेशातला माणूस दिसतच नाही. यातला एकही दावा धादांत खोटा नाही, म्हणून तर तो इतका पसरतो.

‘नजर तिथे लक्ष’ हा त्यातला सर्वांत कच्चा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच तो निकालात काढला होता. अंधारातली अक्षरं ते विजेच्या ठिणगीने क्षणभरच उजळवत, डोळा हलवायला सवड मिळू नये इतकाच वेळ. नजर एका बिंदूवर खिळलेली असतानाही, लक्ष कुठे ठेवायचं हे आधी ठरवलं की तिथली अक्षरं त्यांना वाचता येत. नजर आणि लक्ष यांच्या यंत्रणा मेंदूत शेजारी आहेत, एवढं मात्र खरं. मूर आणि आर्मस्ट्राँग यांनी २००३ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या, डोळ्यांची हालचाल ठरवणाऱ्या भागाला अगदी सौम्य विद्युत-उत्तेजना दिली. डोळे हलले नाहीत. पण दृष्टिविभागातल्या संबंधित जागेच्या न्यूरॉनचा प्रतिसाद वाढला.

आता ‘ऑन-ऑफ’. दृष्टिविभागातला प्रत्येक न्यूरॉन दृश्याच्या एका ठरावीक तुकड्यावर नजर ठेवून असतो. मोरान आणि डेसिमोन यांनी १९८५ मध्ये व्ही-४ या, दृष्टिविभागातल्या पुढच्या टप्प्यावरच्या भागातल्या न्यूरॉनच्या अशाच एका तुकड्यात दोन आकृत्या ठेवल्या: एक त्या न्यूरॉनला ‘आवडणारी’, दुसरी न आवडणारी. माकडाची नजर स्थिर, पडद्यावर तेच चित्र. लक्ष आवडत्या आकृतीवर असेल तर न्यूरॉन जोरात स्पंद सोडी; लक्ष दुसरीकडे वळवलं की, आवडती आकृती समोर असूनही, प्रतिसाद घसरत असे. इथपर्यंत फिरणाऱ्या मजकुराचा लेखक खूश होईल. पण दोनांपैकी एक आकृती त्या तुकड्याबाहेर नेली, तेव्हा लक्ष कुठे आहे याने फारसा फरक पडला नाही. व्ही-१ या पहिल्या टप्प्यावरही तसा परिणाम दिसला नाही. स्विच असता तर असं का व्हावं? लक्षाचं खरं काम तिथे दिसतं, जिथे दोन गोष्टी एकाच न्यूरॉनसाठी भांडत असतात. डेसिमोन आणि डंकन यांनी १९९५ मध्ये मांडलेली कल्पना हीच: स्पर्धा आधीपासून चालू असते, लक्ष फक्त एका बाजूचं पारडं जड करतं.

एकच आकृती असली तर परिणाम अगदीच नसतो असंही नाही, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. मॅकअॅडम्स आणि मॉन्सेल यांना १९९९ मध्ये व्ही-४ मधला प्रतिसाद साधारण पाव हिश्शाने वाढलेला आढळला. व्ही-१ मध्ये त्याहून बराच कमी. शिवाय न्यूरॉनची निवड बदलली नाही, ती अधिक काटेकोरही झाली नाही. उभी रेघ आवडणारा न्यूरॉन उभीच पसंत करत राहिला, फक्त आवाज थोडा चढला. लक्ष नसतानाही तो गप्प नव्हता.

‘जास्त लक्ष म्हणजे जास्त जोर’ हे तर त्याच वर्षी उलटं पडलं. ट्रॉइ आणि मार्टिनेझ-त्रुहियो यांनी हालचालीची दिशा ओळखणारे न्यूरॉन तपासले. माकड विरुद्ध दिशेच्या हालचालीकडे लक्ष देत असताना त्या न्यूरॉनचा प्रतिसाद चक्क कमी झाला. म्हणजे लक्ष अनेकांना खालीही ढकलतं.

माझ्या मते सर्वांत रंजक भाग यापुढचा, आणि तो व्हायरल मजकुरात कधीच येत नाही. एकाच चित्राला न्यूरॉन दर वेळी सारखाच प्रतिसाद देत नाही, तो कमीजास्त होत राहतो. शेजारचे न्यूरॉन बऱ्याचदा एकत्रच चुकतात. शंभर विद्यार्थ्यांनी एकमेकांचं पाहून उत्तरं लिहिली तर शंभर उत्तरपत्रिका जमवून काय उपयोग? २००९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना आढळलं, की लक्ष दिल्यावर व्ही-४ मधली ही सामायिक चलबिचल घटते. त्यांपैकी कोहेन आणि मॉन्सेल यांच्या हिशोबानुसार, न्यूरॉनच्या समूहाकडून मिळणाऱ्या माहितीत जी सुधारणा झाली, तिचा मोठा वाटा जोर वाढण्यातून नव्हे, या घटीतून आला.

राहिला गोरिला. सायमन्स आणि शाब्री यांच्या १९९९ च्या प्रयोगात सुमारे निम्म्या लोकांना तो दिसला नाही. पण तिथे कोणाचा एकही न्यूरॉन मोजलेला नव्हता. मोजलं ते लोकांनी काय सांगितलं, एवढंच. त्यातून ‘न्यूरॉन बंद पडले’ असं निघत नाही. उलट, पांढऱ्या कपड्यांतल्यांचे पास मोजणाऱ्यांपेक्षा काळ्या कपड्यांतल्यांचे मोजणाऱ्यांना काळा गोरिला जास्त वेळा दिसला. लक्ष जागेबरोबर रंगासारख्या गुणालाही धरून चालतं, हे त्यातून सूचित होतं.

कॅमेऱ्याच्या उपमेला तर फार वेळ द्यायला नको. आधी चित्र टिपायचं, मग त्यातलं निवडायचं, असा क्रमच इथे नाही. डोळ्यांकडून आलेला संदेश मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत (बाह्यक; व्ही-१, व्ही-४ त्यातच येतात) पोचण्याआधी थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातून जातो आणि तिथल्या न्यूरॉनवरही लक्षाचा परिणाम माकडांमध्ये मोजला गेला आहे. लक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की माकड एखाद्या जागेकडे लक्ष लावून बसलं असेल तर तिथे काही उमटण्याआधीच व्ही-२ (व्ही-१ नंतरचा टप्पा) आणि व्ही-४ मधल्या न्यूरॉनची मूळ हालचाल वाढलेली असते.